तीन घंटा आणि एक उघडं दार : चिकूला नाटक दाखवायला लागलेले पाच महिने

२२ डिसेंबर २०२४, रविवार, संध्याकाळी साडेसहाचा प्रयोग. आम्ही चिकूला पहिल्यांदाच नाटकाला नेलं आणि तिसरी घंटा झाल्यावर सात मिनिटांत त्याला उचलून बाहेर आणलं.

चिकू हे त्याचं घरातलं नाव. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याला ऑटिझम आहे हे तो साडेतीन वर्षांचा असताना कळलं. पुढं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातून दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र झालं. दाखल्यासाठीच्या त्या ४० मुद्द्यांच्या तपासणीबद्दल आणि त्या खेपांबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आज फक्त एका नाटकाबद्दल लिहितेय. असं काही करायचं म्हटल्यावर सुरुवात कुठून करायची हे मला सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून.

जाऊबाईंची तनू त्या बालनाट्यात हरीण झाली होती. महिनाभर ती घरात चिकूसमोर उड्या मारून दाखवायची आणि तो तिच्याकडं बघून हसायचा. त्यामुळं मला वाटलं, जमेल. पहिली घंटा झाली तेव्हा आम्ही पायऱ्यांवर होतो. त्यानं कान झाकले. दुसरी झाली तेव्हा तो खुर्चीखाली बसला होता. तिसरीला नेमकं आमच्या डोक्यावरचं यंत्र वाजलं, त्याच क्षणी दिवे गेले आणि स्पीकरमधून ढगांचा गडगडाट सुरू झाला. चिकू ओरडायला लागला. मागच्या रांगेतून आधी "शूऽऽ" आलं आणि मग एक बाई म्हणाल्या, "असल्या पोरांना कशाला आणतात?"

बाहेर पायरीवर पन्नास मिनिटं गेली. तो स्वतःचं मनगट चावत होता. मी त्याच्या पाठीवर दाब देऊन बसले होते. प्रयोग संपल्यावर तनू तशीच, नाकावर काळा ठिपका आणि डोक्यावर शिंगं घेऊन, पळत आली. "काकी, चिकूनं मला बघितलं का?"

बघितलं नव्हतं. तनूचा तो प्रश्न माझ्या मनातून गेलाच नाही. पुढचे पाच महिने जे काही केलं त्याची सुरुवात तिथं झाली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात थेरपी सेंटरमधल्या ओटी ताईंना, म्हणजे चिकूच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, एवढ्यात नाटकाला नको. त्यांनी विचारलं, "नेमकं कशानं झालं?" मी म्हटलं, आवाजानं. "घरात मिक्सर चालतो तेव्हा?" मिक्सर चालतो, पण बटण त्यानं स्वतः दाबलं तर. "गणपतीच्या मिरवणुकीत?" तिथं हलगीपाशी तो चक्क उभा राहतो. हलगी काही नाजूक वाजत नाही. मग ताई म्हणाल्या, "हलगीवाल्याचा हात दिसतो ना त्याला."

आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कुठून आणि कधी येणार हे कळत नाही, ही त्याची अडचण होती. हे प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. चिकूसारख्याच निदानाची एक मुलगी आमच्या ओळखीत आहे. तिला आवाजाचं काहीच वाटत नाही, पण फिनेलचा वास आला की ती उलटी करते. आणखी एका मुलाला लुकलुकणारी ट्यूबलाईट सहन होत नाही. म्हणून कुणाकडं काही मागायला जायच्या आधी आठवडाभर वही घेऊन बसा आणि आपल्या मुलाला काय चालतं, काय चालत नाही, हे तारखेनिशी लिहा. मला त्या वहीचा पुढं प्रत्येक टेबलावर उपयोग झाला.

त्याच सुमारास रात्री जागून वाचायला लागले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २ ऑक्टोबर २०११ ला 'द लायन किंग'चा एक प्रयोग खास ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी झाला होता. थिएटर डेव्हलपमेंट फंड या संस्थेनं तो घडवून आणला. दचकवणारे आवाज कमी केले, प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येणारे लखलखते दिवे काढले, बाहेरच्या जागेत शांत कोपरे केले आणि प्रयोगात काय काय होणार याची चित्रांची गोष्ट आधीच घरी पाठवली. इंग्लंडमध्ये अशा प्रयोगांना 'रिलॅक्स्ड परफॉर्मन्स' म्हणतात. अमेरिकेतच अलाबामातली कल्चरसिटी नावाची संस्था मोठमोठ्या स्टेडियममधल्या कर्मचाऱ्यांना शिकवते आणि तिथं मुलांसाठी पिशव्या ठेवते. पिशवीत कान झाकायचे हेडफोन, हातात चाळवायच्या वस्तू, असं सामान असतं. वाचताना मी एकीकडं हिशेब करत होते. यातलं महाग काय आहे? आवाज कमी करायला पैसे पडत नाहीत. दार उघडं ठेवायलाही नाही. एक खोली आणि चार समजूतदार माणसं लागतात. एवढं कोल्हापुरात मिळायला हवं.

आपल्याकडचा कायदाही वाचला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. कलम २९ संस्कृती आणि करमणुकीबद्दल आहे : दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीनं सांस्कृतिक जीवनात भाग घेता यावा म्हणून सरकारनं आणि स्थानिक संस्थांनी पावलं उचलायची आहेत. कलम २ मध्ये 'रीझनेबल अकोमोडेशन'ची व्याख्या आहे. साध्या भाषेत, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता करता येण्यासारखे योग्य ते बदल. अर्जात मी ही दोन कलमं लिहिली, पण शेवटच्या परिच्छेदात. कायदा पहिल्या ओळीत आला की समोरचा माणूस खुर्चीत ताठ होतो, हे दाखल्याच्या वेळीच शिकले होते.

इथं थोडं थांबून एक सांगते. माझं स्वतःचं पहिलं नाटक केशवराव भोसले नाट्यगृहातलं. वडिलांचा हात धरून गेले होते, आणि शेजारच्या खासबागेत कुस्त्या चालू असल्यानं तिथला गलका आत ऐकू येतोय असं मला उगीचच वाटत होतं. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर १९१५ चं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ज्या गायक-नटाचं नाव त्याला दिलंय त्या केशवरावांची जयंती होती. त्या रात्री गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. चिकूला मी पहिलं नाटक तिथं दाखवणार होते. ते राहिलं. त्यानंतर गावातले प्रयोग लहान-मोठ्या सभागृहांत विखुरले, त्यातल्याच एका सभागृहातली ही गोष्ट आहे. त्याचं नाव लिहीत नाही. तिथं आम्हाला अडचणीही आल्या आणि चांगली माणसंही भेटली. दुसऱ्या कुठल्या सभागृहात याच्या उलटसुलट घडेल.

१० फेब्रुवारी २०२५, सोमवारी, अर्ज घेऊन गेले. दीड पान. मागण्या सहाच होत्या. एखाद्या बालनाट्याचा सकाळचा एक प्रयोग, दिवे पूर्ण न घालवता, आवाज कमी ठेवून, बाजूचं एक दार सतत उघडं, बसायला एक शांत खोली, आणि प्रयोगाआधी एकदा रिकामं सभागृह मुलाला दाखवायची परवानगी. खिडकीतल्या भाऊंनी दोनदा वाचला. "ताई, ह्यात नक्की मागणी काय हाय? हॉल पायजे, का भाडं माफ पायजे?" दोन्ही नको म्हटल्यावर ते अडचणीत पडले. त्यांच्या छापील फॉर्ममध्ये लग्न, सभा, नाटक आणि इतर एवढेच रकाने होते. शेवटी 'इतर'वर खूण केली. अर्ज आवक करून घेतला आणि झेरॉक्सवर शिक्का मारून दिला. तो शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या प्रत्येक खेपेला "अर्ज कुठला?" हाच पहिला प्रश्न होता आणि आवक क्रमांक सांगितला की फाईल सापडायची.

२४ फेब्रुवारीला गेले तर फाईल वर गेली होती. ४ मार्चला साहेब मीटिंगला. त्यानंतर मार्चअखेर सुरू झाली. साडेअकरा ते एक या वेळात गेलं तर माणसं जागेवर भेटतात. जेवणानंतर गेलेल्या माझ्या दोन खेपा फुकट गेल्या. राजारामपुरीतून रिक्षानं जाऊन-येऊन दीडशे रुपये, आणि चिकू शाळेत असतानाच सगळं उरकायचं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तोंडी उत्तर मिळालं : हॉल आमचा, पण आवाज आणि लाइट ज्यांचा प्रयोग त्यांचा. त्यांना विचारा.

नाट्यसंस्था हौशी मंडळींची. दिवसा नोकऱ्या, संध्याकाळी तालीम. दिग्दर्शक दादा म्हणाले, "आमची ना नाही, पण दार उघडं ठेवायचं आणि दिवे चालू ठेवायचे म्हणजे हॉलवाल्यांनी हो म्हणायला पाहिजे." मी पुन्हा खिडकीशी. तिथून पुन्हा संस्थेकडं. यात तीन आठवडे गेले आणि एका रात्री मी नवऱ्याला म्हटलं, सोडून देऊया. त्याला सीडीवर दाखवू नाटक. नवरा गप्प बसला. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातून येताना त्यानं एक खोकं आणलं. कारखान्यात ग्राइंडिंगवाले कामगार कानावर लावतात ते इअरमफ, लहान मापाचे. ८५० रुपये. आवाज २५ डेसिबलनं कमी होतो, असं खोक्यावर लिहिलं होतं. "आधी हे लावून बघू दे त्याला," म्हणाला.

इअरमफबद्दल एक. आणले आणि लावले असं होत नाही. त्याचा डोक्यावर दाब पडतो, तोही काही मुलांना नको असतो. आम्ही रोज जेवणानंतर पाच मिनिटांपासून सुरुवात केली, दोन आठवड्यांनी वीस मिनिटांवर आलो. आधी मी स्वतः लावून बसायचे, तो माझे काढून स्वतःला लावायचा. आणि दिवसभर लावून ठेवू नका असं ओटी ताईंनी बजावलं. कानाला शांततेचीच सवय झाली तर साधे आवाजही मोठे वाटायला लागतात.

७ एप्रिलला, सोमवारी, शेवटी मी दिग्दर्शकदादांना सोबत घेऊन सभागृहाच्या कार्यालयात गेले. दोघं एका टेबलावर बसले आणि जे तीन आठवड्यांत झालं नव्हतं ते पाऊण तासात झालं. हे आधीच करायला हवं होतं. तुम्ही कुणी असं करायला निघालात तर पहिली खेपच दोघांना एकत्र घेऊन करा, निरोप्या होऊ नका. साहेबांना सगळ्यात अवघड वाटेल असं मला वाटलं होतं ते उघडं दार, आणि तेच सगळ्यात पटकन मान्य झालं. "गेल्या ऑगस्टपासून आम्ही प्रत्येक प्रयोगाला सगळी दारं आधी उघडून बघतो," ते म्हणाले. कडी न लावता, दारात एक माणूस उभा ठेवून. दिवे मात्र पूर्ण घालवायचे नाहीत याला दादांचा जीव कासावीस होत होता. प्रेक्षागृहातले कडेचे दिवे मंद ठेवायचे यावर तडजोड झाली. तारीख ठरली १८ मे, रविवार, सकाळी साडेदहा.

लेखी काही मिळालं नाही. मागितलं, तर "देतो की" म्हणाले. मग त्याच रात्री मी ठरलेलं सगळं मुद्दे घालून दोघांनाही व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि "बरोबर आहे ना?" विचारलं. दोघांचं "हो" आलं. ते जपून ठेवलं.

मधे जोतिबाची यात्रा आली. १२ एप्रिलच्या आगेमागे निम्मं कार्यालय डोंगरावर. रिकामं सभागृह बघायला २२ तारखेचा मंगळवार मिळाला. या भेटीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं काम त्या चाळीस मिनिटांत झालं.

सासूबाईही आल्या होत्या. तिथले वायरमनमामा, साठीच्या आसपासचे, हातात किल्ल्यांचा जुडगा. चिकू दारातच थांबला. कुणी त्याला ओढलं नाही. मामा एकटेच आत गेले आणि एकेक दिवा लावत सुटले, प्रत्येक दिव्याला मोठ्यानं नाव सांगत : हा वरचा, हा बाजूचा, हा मधला. पाचव्या दिव्याला चिकू आत आला. त्याला दिव्यांचा क्रम आवडतो हे मामांना कुणी सांगितलं नव्हतं. मग मी मामांना घंटेबद्दल विचारलं. ते आम्हाला विंगेत घेऊन गेले आणि भिंतीवरचं लाल बटण दाखवलं. "दाब की," म्हणाले. चिकूनं कानांवर मफ लावले, बटणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दाबलं. घंटा वाजली. तो दचकला नाही. दुसऱ्यांदा दाबलं. तिसऱ्यांदा दाबून हात मागं घेतला आणि म्हणाला, "तीन."

मिक्सरचं बटण. मी विंगेतल्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यात तोंडावर पदर धरून रडले. सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला. "मी हाय की. त्या दिवशी मी बसतो त्याच्याजवळ, तू रडू नकोस," म्हणाल्या.

मी त्या दिवशी सत्तरेक फोटो काढले आणि त्यातून बारा पानांची पुस्तिका केली. एका पानावर एक फोटो आणि एक ओळ. हे फाटक. या पायऱ्या. इथं काका तिकीट बघतात. ही माझी खुर्ची. घंटा तीन वेळा वाजते. मग दिवे कमी होतात, पूर्ण जात नाहीत. वादळ येतं तेव्हा मोठा आवाज होतो. मला नको वाटलं तर मी या दारातून बाहेर जातो. ही शांत खोली. मी परत येऊ शकतो. ओळी मुलाच्या तोंडच्या लिहायच्या आणि "घाबरायचं नाही" असलं काही लिहायचं नाही, हे ओटी ताईंनी सांगितलं. मुलगा घाबरलाच तर पुस्तिका खोटी ठरते. रंगीत प्रिंट दहा रुपये पान, स्पायरल तीस. एक पुस्तिका दीडशेला पडली.

थेरपी सेंटरच्या ग्रुपवर निरोप टाकला तेव्हा वाटलं, पाच-सहा घरं येतील. अठरा आली. इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज. एकानं विचारलं, कार्ड दाखवावं लागेल का? आम्ही ठरवलं होतं, कुणाकडं काही मागायचं नाही. कितीतरी घरांत अजून दाखला झालेला नाही, कितीतरी घरांत तो शब्द अजून आजी-आजोबांपुढं उच्चारलेला नाही. नाव नोंदवताना एकच प्रश्न विचारला : तुमच्या मुलाला काय चालत नाही? ती उत्तरं एकत्र केली आणि मी तालमीला घेऊन गेले.

तालमीत बसून आम्ही संहितेवर पेन्सिलीनं खुणा केल्या. सात जागा निघाल्या. वाघाची डरकाळी, फटाका, धुराचं यंत्र, प्रेक्षकांतून पळत येणारी माकडं, दोन वेळचा काळोख आणि वादळ. फटाका आणि धूर लगेच गेले. माकडं विंगेतून येणार असं ठरलं. वादळाला दादा अडले. "गडगडाट काढला तर वादळाला ऱ्हायलं काय?" मला त्यांचं म्हणणं पटत होतं. नाटक पातळ करून मुलांना द्यावं असं मला कधीच वाटलं नाही. मी त्यांना हलगीचं सांगितलं. हात दिसला की चालतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पत्रा मागवला. जुन्या काळी गडगडाटासाठी विंगेत हलवायचे तसला लांब पत्रा. आणि तो विंगेत न ठेवता रंगमंचावर आणला. ढग झालेला मुलगा तो सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी हलवणार, आधी हळू, मग जोरात. आणि प्रत्येक मोठ्या आवाजाच्या आधी कोपऱ्यात बसलेली एक मुलगी पिवळी पाटी वर धरणार. स्पीकरवरच्या आवाजापेक्षा पत्र्याचं वादळ मला स्वतःला जास्त खरं वाटलं, आणि पुढच्या नेहमीच्या प्रयोगांतही दादांनी ते तसंच ठेवलं.

१८ मे. नटराजपूजन, नारळ, उदबत्ती सगळं नऊलाच उरकून दारं-खिडक्या उघडून ठेवली होती, वास जावा म्हणून. कँटीनच्या मावशींनी वड्याचा घाणा प्रयोग संपेपर्यंत लावायचा नाही असं कबूल केलं होतं. शांत खोली म्हणजे मागची मेकअपची खोली. सतरंज्या, उशा, पाणी, केळी. तिथली ट्यूब लुकलुकत होती हे आदल्या संध्याकाळी लक्षात आलं. मामांनी ती काढून पिवळा दिवा लावला, बल्ब आणि वायर मिळून १४० रुपये. पण सकाळी त्याच खोलीची किल्ली सापडेना. ज्यांच्याकडं होती ते गावाला गेले होते. वीस मिनिटं माझ्या पोटात गोळा. शेवटी मामांच्या जुडग्यातली एक लागली. तुम्ही करणार असाल तर किल्ली आदल्या रात्रीच स्वतःच्या हातात घ्या.

चिकू पुस्तिका छातीशी धरून फाटकापासून एकेक पान उलटत आला. पायऱ्या. तिकीटवाले काका. खुर्ची. सगळं जागच्या जागी. मग घंटा वाजली, एकदाच, हळू. कुणीतरी मुलांच्या काळजीनं ठरवलं होतं की आज तीन नकोत, एक पुरे.

चिकू उभा राहिला. "तीन," म्हणाला. पुस्तिकेतलं पान दाखवलं. "तीन. तीन." आवाज चढायला लागला. मला कळलं, आता होणार. पाच महिने मी घंटेला घाबरत होते आणि त्या दिवशी अडलं ते घंटा कमी वाजल्यावर. सासूबाई उठून तडक विंगेकडं गेल्या. पंधरा-वीस सेकंदांत दुसरी घंटा वाजली. थोड्या वेळानं तिसरी. चिकू खाली बसला आणि पान उलटलं.

प्रयोग सत्तर मिनिटांचा. चिकूनं त्यातली चाळीसेक बघितली. तीनदा बाहेर गेला, तीनदा स्वतःहून परत आला. दार उघडं होतं आणि दारात उभे असलेले काका नुसते बाजूला व्हायचे, काही विचारायचे नाहीत. वादळात पिवळी पाटी वर गेली तेव्हा त्यानं मफ लावले, पत्रा हलवणाऱ्या मुलाचे हात डोळे न हलवता बघितले आणि वादळ संपल्यावर मफ काढून ठेवले. तनू हरीण होऊन आली तेव्हा तो ओरडला, "तनू!" कुणीही शूऽऽ केलं नाही. तनूनं उडी मारायचं थांबून त्याच्याकडं बघितलं, पुढचं वाक्य विसरली, आणि माकडानं तिला ते सांगितलं. शेवटी टाळ्यांऐवजी सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. नेहमीची तिकिटं काढून आलेल्या एका गृहस्थांना कुणी आधी कल्पना दिली नव्हती. मुलं उठतात, बोलतात, यानं ते वैतागले. संस्थेनं त्यांचे पैसे परत केले. पोस्टरवर बारीक अक्षरात लिहिलं होतं ते मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. गडहिंग्लजहून आलेला पंधरा वर्षांचा एक मुलगा आत आलाच नाही. तो आणि त्याचे आजोबा पूर्ण वेळ बाहेरच्या पायरीवर बसून होते, डिसेंबरात मी जिथं बसले होते तिथंच. आजोबा म्हणाले, "एवढ्या लांबून आलो, पण त्याला गर्दी बघूनच नको झालं." त्यांना पुस्तिका मिळाली होती, पण रिकामं सभागृह बघायला यायला जमलं नव्हतं. पुढच्या वेळी बाहेरगावच्यांसाठी प्रयोगाच्याच दिवशी एक तास आधी सभागृह उघडं ठेवायचं ठरवलंय. आणि बालनाट्य हे पंधरा वर्षांच्या मुलाला बघायचं होतं का, हेही मी विचारलं नव्हतं. आपली मुलं मोठी होतात, त्यांच्यासाठी काय, यावर आमच्या ग्रुपमध्ये आता कुठं बोलणं सुरू झालंय.

खर्चाचं सांगते. माझ्या पदरचे इअरमफचे ८५०, एकोणीस पुस्तिकांचे २,८५०, केळी-बिस्किटांचे ६००, बल्बचे १४०. एकूण ४,४४०, रिक्षा वेगळी. हॉलचं भाडं संस्थेनं दिलं. मोकळ्या ठेवलेल्या ४० खुर्च्यांचे शंभर रुपयांप्रमाणे ४,००० नवऱ्याच्या मालकांनी भरले. नाव लावू नका म्हणाले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टानं पाकीट आलं. सभागृहाचं पत्र, जावक क्रमांकासह : आपला दि. १० फेब्रुवारीचा अर्ज विचाराधीन आहे. मी ते फाईलला लावलं आणि त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन दिवाळीच्या सुट्टीतल्या प्रयोगाचा नवा अर्ज लिहायला घेतला. या वेळी दिग्दर्शकदादांची सहीही त्यावर आहे.

पुस्तिकाही नवी करतेय. घंटेच्या पानावर आधी एकाच बटणाचा फोटो होता. आता त्याखाली लाल पेननं तीन घंटा काढल्या. चिकूनं पुस्तिका ओढून घेतली, तिन्हींवर एकेकदा बोट टेकवलं आणि पुढचं पान उलटलं.